पडताळणी, पाळत की तसदीक?

परभणीहून विचारायलोय. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी शस्त्रनियंत्रण करारांच्या नोट्स काढायलो, त्यात 'व्हेरिफिकेशन'ला कुठं पाळत लिहिलंय, कुठं देखरेख. दोन्ही खटकायलेत. काय लिहू?

भाऊ, पाळत तर नकोच. पाळत म्हणजे समोरच्याला कळू न देता, अन् इथं त्यानंच दार उघडलेलं असतंय. १९८७ च्या आयएनएफ करारानंतर (अमेरिका अन् सोव्हिएत रशियाचा, मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडायचा) अमेरिकेची माणसं रशियातल्या वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या गेटवर १३ वर्षं मुक्काम ठोकून होती, आत नाही, गेटवर, बाहेर काय पडतंय ते बघत, आणि तसेच रशियन तिकडं अमेरिकेत, युटा राज्यातल्या मॅग्नाला. हे शेताच्या मोजणीसारखं आहे बघा, शेजारच्या खातेदाराला नोटीस जाते, तोही तोंड वाकडं करून का होईना बांधावर येऊन उभा राहतो. भांडण मिटलेलं नसतंयच, भांडण असतंय म्हणून तर मोजणी आणायची. देखरेख मजुरावर ठेवतात, बरोबरीच्या माणसावर नाही.

मग उपग्रहाचं काय? ते तर वरून गुपचूपच झालं की.

नाही ना! १९७२ च्या साल्टमध्येच, म्हणजे ह्याच दोघांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालायच्या करारात, लिहून घेतलं होतं की एकमेकांच्या असल्या साधनांत आडकाठी करायची नाही न् मुद्दाम झाकाझाक करायची नाही. पुढं अण्वस्त्रं घटवायच्या स्टार्ट करारात तर अमेरिकेनं ॲरिझोनात बी-५२ बॉम्बर विमानं तोडून तुकडे उघड्यावर पडू दिले, रशियाच्या उपग्रहाला दिसावेत म्हणून. त्याला 'नजर ठेवणं' म्हणा, मॉनिटरिंग ते. पडताळणी त्याच्या पुढची, गणिताच्या ताळ्यासारखी. त्याच्या नंतरच्या न्यू स्टार्ट करारात समोरच्यानं आपल्या शस्त्रांचा आकडा आधी द्यायचा, मग वर्षाला जास्तीत जास्त १८ वेळा जाऊन जुळतो का बघायचं, असा नियम होता.

पडताळणीला आमचे आजोबा तसदीक म्हणायचे, निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांवरचा शब्द. त्यांचं 'तसदीक करून आण' मला कायम 'तसदी घे' असंच ऐकू यायचं, शब्द वेगवेगळे हे लई उशिरा कळलं.

मग न्यू स्टार्टची तसदी तरी शेवटी कोण घेतली, २०२० ला कोरोनात भेटी थांबल्या त्या थांबल्याच अन् २०२३ ला रशियानं करारच स्थगित केला.

बरं, पडताळणी लिहितो. तसदीक कंसात टाकू का, का पोरं परीक्षेत तसदी लिहून येतील?