ऑनलाइन चष्मा घ्यायचा आहे, पोरीसाठी कुठली काच घ्यावी?

बर्डीवाली:
नागपूरकर मंडळी, सल्ला द्या ना. मुलगी आठवीत, नंबर −३.२५, थोडा सिलिंडर (तिरपा नंबर) पण आहे, सायकलने शाळेत जाते आणि बास्केटबॉल खेळते. आताच्या चष्म्याच्या काचेवर बारीक जाळी पडून राहिली, उजेडात धरलं की दिसते. ऑनलाइन पाहिलं तर १.५६, पॉली, १.६७, काहीच समजून नाही राहिलं. काच फुटून डोळ्यात जायला नको, बाकी फॅशनचं काही नाही.

धरमपेठकर:
ताई, खेळणारी पोरगी आहे तर पॉलीकार्बोनेटच घ्या. १.५६, १.६७ हे काच प्रकाश किती वळवते त्याचे आकडे, आकडा मोठा तेवढी काच पातळ. १.६७ पातळ असते, पण पातळ म्हणजे मजबूत नाही आणि या नंबरला तिची गरजही नाही. पॉली मार सहन करते, यूव्ही पण अडवते, फक्त ओरखडे लवकर पडतात म्हणून हार्ड कोट पाहूनच घ्या आणि तिला ओढणीने पुसू देऊ नका. ट्रायवेक्स, म्हणजे तशीच मार सहन करणारी दुसरी काच, मिळाली तर तीही छान. जाळी बहुतेक उन्हाने पडली असेल, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला की काच जास्त फुगते, वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही आणि तडकते. गरम पाण्याने धुतलं तरी तेच.

काउंटरवाला:
मी चष्म्याच्या दुकानात काम करतो म्हणून सांगतो, ऑर्डरच्या आधी पीडी मोजून घ्या, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बरेचदा लिहिलेलं नसते, मागून घ्या. पोरांचं हे अंतर वाढत असते, जुना आकडा चालत नाही. नंबरही ताजाच पाहिजे, या वयात थेंब टाकून तपासलेला असला तर उत्तम. सिलिंडर आहे तर अ‍ॅक्सिस, म्हणजे सिलिंडरचा कोन, टाकताना दोनदा पाहा, १७ च्या जागी १७० गेलं तर चष्मा वाया. साइजसाठी आताच्या दांडीच्या आतून पाहा, ४८-१७-१३५ असं काही असेल: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, दांडीची लांबी. नीट बसत असेल तर त्याच्याच जवळपासचा घ्या.

बर्डीवाली:
खूप आभार दादा. ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणारा, घ्यावा का? आणि सासूबाईंचा प्रोग्रेसिव्ह, दूरचं-जवळचं एकाच काचेत असते तो, पण सोबतच मागवू का?

काउंटरवाला:
ब्लू कटचे पैसे वाचवा, कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २०२३ च्या आढाव्यातही डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. प्रोग्रेसिव्ह मात्र दुकानातच करा, फ्रेम चेहऱ्यावर बसवून बुबुळाची उंची मोजावी लागते. पोरीचा आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत जवळच्या दुकानात लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, नंबर तपासून घ्या. आणि बास्केटबॉलसाठी पट्टावाला स्पोर्ट्स गॉगल वेगळा करा ताई, कोपर लागलं की साधी फ्रेमच डोळ्याजवळ रुतते, काच कितीही चांगली असली तरी.