दोन ओळींत पिन सेट होते, मोटार कुठं ऐकते?

कुपवाड_पॅनेलवाला
रास्पबेरी पाय म्हणजे छोटा कॉम्प्युटर, त्याच्या बोर्डावरच्या पिनांना वायर जोडून बाहेरच्या वस्तू चालवता येतात. त्याबद्दल काल कराडच्या एका कोडरभाऊंनी लिहिलंय: "रास्पबेरी पायची पिन इनपुट की आउटपुट, हे दोन ओळींत ठरतं. पुल-अप, पुल-डाउन, रेझिस्टर हा हार्डवेअरवाल्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे." (पुल-अप म्हणजे मोकळी पिन वर, व्होल्टकडं ओढून धरणारा रेझिस्टर; पुल-डाउन म्हणजे खाली, ग्राउंडकडं.) खाली अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

तासगावकडं एका द्राक्षबागेत मला बोलावलं होतं. कुणा हौशी पोरानं रास्पबेरी पायचं ४ नंबरचं मॉडेल लावून विहिरीची मोटार 'स्मार्ट' केलेली. जीपीआयओ ४ (पायच्या इनपुट-आउटपुट पिनांना जीपीआयओ म्हणतात) वरून मॉसफेट, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजनं चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, मॉसफेटवर रिले आणि रिलेचे कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर. तक्रार काय, तर रात्री लाइट आली की मोटार आपसूक चालू, विहिरीत पाणी असो नाहीतर नसो.

पोरगा कोड दाखवत होता. पहिल्याच ओळीत पिन आउटपुट आणि लो, म्हणजे शून्य व्होल्ट. कोड चोख! पण कोड चालू व्हायच्या आधी बोर्ड बूट होतो आणि तेवढा वेळ या पिना इनपुट असतात. जीपीआयओ ० ते ८ ला आतून पुल-अप, ९ ते २७ ला पुल-डाउन. म्हणजे ४ वर पन्नासेक किलोओहममधून ३.३ व्होल्ट बसलेले. मॉसफेटच्या गेटला करंट लागतोय कुठं? तो चालू, रिले टक्, कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटारीचा मोठा स्विच) धाड्. कॉन्टॅक्टरला धरून ठेवणारा होल्ड कॉन्टॅक्ट एकदा बसला की तुमचं पायथन लो म्हणू दे नाहीतर रामराम म्हणू दे, लाल बटण दाबल्याशिवाय मोटार थांबत नाही.

गेट आणि ग्राउंडमध्ये १० के, म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला. वर ५० के, खाली १० के, गेटवर जेमतेम अर्धा व्होल्ट. विषय संपला. बागुलबुवा म्हणे!

कराडचा_कोडर
काका, अर्धं वाक्य उचलून धोपटायचं असेल तर चालू द्या. मी "शिकणाऱ्यांसाठी" असं लिहिलं होतं. शिवाय तुमचा हा किस्सा सॉफ्टवेअरनं सुटतो. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ ४ आउटपुट-लो अशी एक ओळ टाका, लिनक्स उठायच्या आधीच फर्मवेअर (बोर्ड सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) ती पिन खाली ओढतो. तेही नको असेल तर ४ सोडा, १७ घ्या. तिथं मुळातच पुल-डाउन आहे. रेझिस्टर न लावता काम होतं की नाही?

कुपवाड_पॅनेलवाला
ती ओळ फर्मवेअर वाचेपर्यंत काही सेकंद जातात, हे पायच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. कॉन्टॅक्टर ओढायला सेकंद लागत नाहीत, साहेब. १७ चं बरोबर आहे, देतो तेवढा मार्क. आता उंदरानं १७ ची वायर कुरतडली की गेट अधांतरी. तिथं तुमचा आतला पुल-डाउन कुणाला ओढणार?

मिरजेचा_मास्तर
आधी एक सांगा, हे "४" म्हणजे कोणतं ४? बोर्डावर मोजलेली चौथी पिन ५ व्होल्टची आहे. जीपीआयओ ४ ही प्रत्यक्षात सातवी पिन. आणि जुन्या वायरिंगपाय लायब्ररीत ४ म्हणजे जीपीआयओ २३, जी बोर्डावर सोळावी. असं "४ वर जोडा" वाचून आमच्या लॅबमध्ये एका मुलानं ५ व्होल्ट थेट इनपुटला दिले. पायच्या पिना ३.३ च्या वर सहन करत नाहीत. बोर्ड गेला. म्हणून मी कायम बोर्डावरचाच नंबर शिकवतो. मोजता येतो, बोट ठेवता येतं.

कराडचा_कोडर
सर, तुम्ही मुलांना अपंग करताय. डेटाशीट, कॉन्फिग फाइल, डिव्हाइस ट्री, जीपीआयओझीरो लायब्ररी, सगळीकडं बीसीएम नंबर, म्हणजे 'जीपीआयओ ४' मधला ४. बोर्डाचे नंबर शिकलेला मुलगा पहिली डेटाशीट उघडली की रडतो.

मिरजेचा_मास्तर
अपंग? शब्द जपून वापरा. सुरुवातीच्या पायची दुसरी आवृत्ती आली तेव्हा तेराव्या पिनेवर २१ च्या जागी २७ आला. बीसीएमवाल्यांचे प्रोग्रॅम बंद पडले, बोर्ड-नंबरवाल्यांचे चालत राहिले. हे २०१२ चं आहे, तेव्हा तुम्ही दहावीत असाल.

कराडचा_कोडर
आठवीत. आणि ती आवृत्ती आता कपाटात शोभेला आहे. २०१४ पासून सगळे ४० पिनांचे बोर्ड एकाच नकाशाचे आहेत. जुनं मढं किती दिवस उकरणार?

लॅबची_किल्ली
कपाटाचा विषय निघालाच आहे तर बोलते. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात (नाव घेत नाही) पायची किटं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली एका सरांकडं आणि सर कायम परीक्षेच्या ड्यूटीवर. बीसीएम काय नि बोर्ड काय, आम्ही काचेबाहेरून पिना मोजल्या. तपासणी समिती आली त्या दिवशी मात्र प्रत्येक टेबलावर एलईडी लुकलुकत होता.

मिरजेचा_मास्तर
ताई, डेडस्टॉक रजिस्टरवर (लॅबच्या सामानाची नोंदवही) सही कुणाची असते? बोर्ड जळला की खुलासा कुणाला द्यावा लागतो? किल्लीवाल्या सरांना विचारून बघा, मग लिहा.

लॅबची_किल्ली
म्हणजे न जळता शिकायचं. बरं.

कराडचा_कोडर
जीपीआयओझीरोमध्ये "बोर्ड७", "जीपीआयओ४" दोन्ही लिहिता येतं, वायरिंगपायचा नंबरसुद्धा चालतो. सरांनी सरांचा नंबर लिहावा, मी माझा. भांडण खलास.

मिरजेचा_मास्तर
खलास कसं? मग मुलाच्या वहीत तीन पद्धती. तुमच्या नव्या कर्नलनं (लिनक्सचा गाभा) तर चौथी आणली. ६.६ पासून जुन्या सिसएफएस पद्धतीनं (फाइलींत लिहून पिना चालवायची) ४ एक्स्पोर्ट करायला गेलं की "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट", कारण मोजणी ५१२ पासून सुरू होते. पाय ४ वर आता ५१६ लिहायचं. माझी बोर्डावरची सातवी पिन अजून सातवीच आहे.

कराडचा_कोडर
सिसएफएस टाकाऊ ठरवून जमाना झाला, लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरा म्हणून कर्नलवाले ओरडतायत. तुम्ही शिकवायचं सोडलं नाही तर तो कर्नलचा दोष? पाय ५ वर तर तुमची आवडती आरपीआय-जीपीआयओ लायब्ररीही चालत नाही, पिना वेगळ्या चिपवर गेल्यात. अभ्यासक्रमात अजून तीच असेल!

मिरजेचा_मास्तर
आहे. अभ्यासक्रम मी ठरवत नाही.

द्राक्षवाला_तासगाव
मास्तर, कोडरभाऊ, सात का चार ते बसा ठरवत. पॅनेलवाल्यांनी सांगितली तसली पेटी आमच्या भावकीत पण एकानं बसवलीय. मला एवढंच कळत नाही, लाइट आली की मोटार चालू करायला ऑटो हायच की. साधा डबा. रात्रपाळीची लाइट, उसाच्या कडंनं जायला बिबट्याची भीती, म्हणून ऑटो लावतो माणूस. त्याला कॉम्प्युटर कशाला?

कराडचा_कोडर
दादा, ऑटो विहिरीत पाणी आहे का बघत नाही. इनपुट पिनेला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) जोडला की पाय बघतो.

कुपवाड_पॅनेलवाला
ड्राय रनचं रिले पॅनेलमध्ये बसतं, तेही बघतं, आणि त्याला बूट व्हावं लागत नाही. बरं, फ्लोट स्विच म्हणालात. विहिरीपासून पेटीपर्यंत लांबलचक वायर, शेजारून थ्री फेजची केबल, आणि भरवसा आतल्या ५० के पुल-अपवर. मोटार चालू होताना ती इनपुट पिन नाचते का नाही ते बघा. तिथं बाहेरून तगडा पुल-अप पाहिजे आणि मध्ये ऑप्टो (प्रकाशानं सिग्नल देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग). झाला का परत रेझिस्टर?

कराडचा_कोडर
सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स देता येतो, म्हणजे पिनेची क्षणिक थरथर मोजायचीच नाही.

कुपवाड_पॅनेलवाला
देता येतो. विजा चमकल्या की डिबाउन्सनं पिन वाचवून दाखवा, मी कुपवाडहून हार घेऊन येतो.

कराडचा_कोडर
ठीक आहे. लांब वायर आणि मोटार असेल तिथं रेझिस्टर लावा, असं पोस्टमध्ये वाढवतो. पण टेबलावर एलईडी लुकलुकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी घाबरवू नका, हे माझं म्हणणं कायम.

लॅबची_किल्ली
एलईडीलासुद्धा रेझिस्टर लागतो ना पण?

मिरजेचा_मास्तर
३३० ओहम. बोर्डावरची अकरावी पिन.

कराडचा_कोडर
जीपीआयओ १७, सर.

द्राक्षवाला_तासगाव
पॅनेलवाले, भावकीतल्या पेटीत तो १० के नक्की कुठं टाकायचा? पायजवळ का मॉसफेटजवळ?

कुपवाड_पॅनेलवाला
मॉसफेटच्या पायाशीच सोल्डर करा, गेट ते ग्राउंड. पायच्या बाजूला लावला आणि मधली वायर सुटली तर त्याचा उपयोग शून्य. आणि रिलेची वायर हिरव्या बटणावरून काढा. लाल बटणाच्या सर्किटमध्ये सिरीजला घ्या, म्हणजे पाय बंद पडला तर मोटार थांबेल, चालू होणार नाही. कॉइल ४१५ व्होल्टची असते, मेन खाली केल्याशिवाय हात घालू नका.