व्हॉयेजरच्या तबकडीवर तहान का नाही?

माणगंगा (प्रश्न)

मी माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या नववीच्या मुलांनी परग्रहांवरील संभाव्य जीवांसाठी अवकाशयानांवरून धाडलेल्या संदेशांचा विषय निवडला आहे. १९७२ व १९७३ मध्ये निघालेल्या पायोनियर १० आणि ११ या यानांवरील ॲल्युमिनियमची पाटी, आणि १९७७ मध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, अशा दोन प्रतिकृती मुले तयार करत आहेत.

काम सुरू झाल्यावर मुलांनी असे प्रश्न विचारले की त्यांची उत्तरे मला पाठ्यपुस्तकात सापडेनात. पहिला प्रश्न असा, की ज्याला आपली कोणतीच भाषा येत नाही, तो हा संदेश वाचायला सुरुवात तरी कुठून करणार? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. तबकडीवरील शंभराहून अधिक चित्रांची यादी वाचताना, जिच्या वस्तीवर फाल्गुनापासूनच टँकरची वाट पाहिली जाते अशा एका मुलीने विचारले, "बाई, यात पाणी पिणारा माणूस आहे, पण तहान कुठे आहे?" त्यात युद्ध, उपासमार किंवा रोगराई यांपैकी काहीच नाही. मग हा संदेश प्रामाणिक म्हणावा का?

एक व्यावहारिक अडचणही आहे. पायोनियरच्या पाटीवरील स्त्री-पुरुषांच्या आकृती विवस्त्र आहेत. शाळेच्या प्रदर्शनात त्या तशाच मांडाव्यात का, यावर आमच्या शिक्षक-खोलीत अद्याप एकमत झालेले नाही.

प्रीतिसंगम, कराड

बाई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजमापात आहे. मी अनेक वर्षे पदविका अभ्यासक्रमाला भौतिकशास्त्र शिकवले आणि दरवर्षी हे उदाहरण वर्गात घेत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विश्वात सर्वांत विपुल असलेला अणू हायड्रोजनचा. त्यातील प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या फिरकीची सापेक्ष दिशा बदलते, तेव्हा सुमारे २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर बाहेर पडते. तिच्या एका आवर्तनाला सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या सुमारे ०.७ पट इतका वेळ लागतो. जो कोणी रेडिओ दुर्बीण बांधू शकतो, त्याला ही लहर ठाऊक असणारच, असे पाटीची रचना करणारे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि फ्रँक ड्रेक यांनी गृहीत धरले. त्यामुळे पाटीच्या कोपऱ्यातील हायड्रोजनच्या दोन वर्तुळांतून लांबीचे आणि वेळेचे अशी दोन्ही एकके एकाच वेळी हाती येतात. स्त्रीच्या आकृतीशेजारी द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त १ आणि ० या दोन खुणा वापरून, ८ हा अंक कोरला आहे. आठ गुणिले २१ म्हणजे १६८ सेंटिमीटर, ही तिची उंची झाली. शेजारी यानाची बाह्याकृतीही त्याच प्रमाणात काढली आहे. म्हणजे पाटी ज्याच्या हाती पडेल, त्याला उत्तर प्रत्यक्ष यान मोजून पडताळून पाहता येते. मला या साऱ्या रचनेतील हीच युक्ती सर्वांत सुंदर वाटते.

डावीकडे एका बिंदूतून फुटणाऱ्या रेषा म्हणजे आपला पत्ता. सूर्यापासून १४ पल्सार, म्हणजे ठरावीक काळाने रेडिओ स्पंदने देणारे फिरते तारे, कोणत्या दिशांना आहेत हे त्या दाखवतात, आणि प्रत्येक रेषेवर त्या पल्सारच्या स्पंदनाचा काळ द्विमान अंकांत लिहिला आहे. पल्सारच्या फिरण्याची गती अत्यंत मंदपणे कमी होत जाते, त्यामुळे पाटी वाचणाऱ्याला यान केव्हा निघाले हेही काढता येईल.

व्हॉयेजरच्या तबकडीच्या वेष्टनावर हाच नकाशा आहे, आणि त्याबरोबर तबकडी वाजवण्याची कृतीही आहे. एका फेरीला ३.६ सेकंद लागावेत, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे व्हावेत, हे हायड्रोजनच्याच एककात लिहिले आहे. सुई सोबत ठेवली आहे. चित्रे खाचांतील लहरींच्या रूपात भरली असून पहिले चित्र केवळ एक वर्तुळ आहे. ते लांबट उमटले, तर आपण संकेत चुकीचा उलगडला हे पाहणाऱ्याला तिथेच कळेल. शिवाय वेष्टनावर युरेनियम-२३८ या किरणोत्सारी धातूचा थर दिला आहे. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा भाग क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ४५० कोटी वर्षे असल्याने उरलेल्या युरेनियमवरून तबकडीचे वय काढता येते.

तरीही वाचणाऱ्याची वाट बिकट आहे, हे मुलांना अवश्य सांगा. सातारा जिल्ह्यातल्या जुन्या घरांतील दप्तरांत मोडीतले कागद आजही निघतात आणि ते वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. तेथे निदान भाषा तरी आपलीच असते. पाटीवर दिशा दाखवणारा बाण आहे. बाणाने ज्यांनी कधी शिकार केली नाही, त्यांना ती खूण कशी उमगणार, अशी टीका त्या वेळीही झाली होती.

मिरजकर

प्रीतिसंगम सरांनी चित्रांविषयी लिहिले, मी आवाजाविषयी लिहितो. आमचे घर तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांचे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे वेगळ्या कारणाने निघतो. तबकडीवरील सुमारे ९० मिनिटांच्या संगीतात भारताचा वाटा एकच आहे, तो म्हणजे केसरबाई केरकर यांची भैरवीतील 'जात कहाँ हो'. केसरबाई मूळच्या गोव्यातील केरीच्या आणि उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. परंतु लहानपणी कोल्हापुरात त्यांनी काही महिने उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती, आणि करीम खाँसाहेब पुढे आमच्या मिरजेचेच झाले. व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.

मुलांना एक गोष्ट जरूर करून दाखवा. कोणतेही ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने, सूरही खाली येईल अशा रीतीने लावा. आवाज कसा बसतो आणि घोटीव तान कशी ओबडधोबड होते, ते लगेच कळेल. सरांनी सांगितलेल्या ३.६ सेकंदांचे महत्त्व त्यांना मग वेगळे समजवावे लागणार नाही. अर्थात जिथे हवाच नाही तिथल्या जीवाला कान असतील असे कोणी सांगावे? पण त्याने खाच नुसती न्याहाळली, तरी खर्ज आणि पंचम यांच्या लहरींमधील २ : ३ हे प्रमाण त्याला मोजता येईल. गाणे ऐकू न येताही त्यातील सूर सापडू शकतात, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पटते.

५५ भाषांतील शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. पृथ्वीवरील लोक शुभविचार पाठवत आहेत आणि तुम्ही या जन्मी धन्य व्हावे, अशा आशयाची ती आहे. काय बोलायचे हे ठरवून दिलेले नव्हते. थोडक्यात बोला एवढीच अट होती. प्रतिकृतीशेजारी ती जरूर वाजवा.

गणेशदुर्ग, सांगली

दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. युद्ध, रोग, गुन्हे आणि दारिद्र्य वगळण्याचा निर्णय तबकडीचा मजकूर निवडणाऱ्या सेगन यांच्या समितीने जाणीवपूर्वक घेतला होता. त्यामागील एक कारण समजण्याजोगे आहे: अणुस्फोटाचे चित्र पाहून पाहणाऱ्याने ती धमकी समजली तर काय? अनोळखी दारात प्रथम जाणारा मनुष्य घरातले भांडण सांगत नाही, हेही खरे. परंतु सौजन्य वेगळे आणि साक्ष वेगळी. "आम्ही असे आहोत" असे लिहून द्यायचे असेल, तर ती साक्ष अपुरी आहे, असेच मी म्हणेन.

गंमत अशी, की वगळलेले तरीही आत शिरलेच. तबकडीवर संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा शांतीचा संदेश त्यांच्याच आवाजात आहे. पुढे १९८६ मध्ये, ते ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे अधिकारी म्हणून बाल्कन प्रदेशात केलेली आणि त्यांनी आत्मवृत्तात न सांगितलेली सेवा उघडकीस आली. युद्धाचे एकही चित्र न पाठवता आपण युद्धातला माणूस पाठवला. व्हॉयेजर २ तोवर युरेनसपर्यंत गेले होते. आता दुरुस्ती कोण करणार?

दारिद्र्याचेही तसेच झाले. ब्लाइंड विली जॉन्सन या अंध अमेरिकी गायकाचे १९२७ मधील एक ध्वनिमुद्रण तबकडीवर आहे. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच, गिटारबरोबर केवळ घशातले हुंकार आहेत. हा गायक १९४५ मध्ये गरिबीतच वारला, आणि रात्र पडली पण निजायला जागा नाही, ही त्या गाण्यामागची व्यथा सेगन यांनीही नोंदवली आहे. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, तहान चित्रांत नसली तरी तिच्या जवळपासचे काहीतरी या गाण्यात आहे. तेवढ्याने तिचे समाधान होऊ नये, ही माझी इच्छा मात्र कायम आहे.

विवस्त्र आकृतींबाबत काळजी करू नका, खुद्द नासालाही हा पेच सुटला नव्हता. पायोनियरच्या पाटीवर वृत्तपत्रांत इतकी टीका झाली, की व्हॉयेजरच्या वेळी विवस्त्र जोडप्याचे छायाचित्र नाकारले गेले आणि त्याऐवजी केवळ छायाकृती पाठवली गेली. त्यातील स्त्रीच्या पोटात गर्भ दाखवला आहे. तुम्हीही छायाकृतीच ठेवा आणि खाली हे कारण लिहा. परीक्षकांना ते कारणच अधिक रोचक वाटेल.

माणगंगा

सर्वांचे मनापासून आभार. छायाकृतीचा तोडगा मुख्याध्यापकांनी ताबडतोब मान्य केला. पाणी पिणाऱ्या माणसाचे चित्र आम्ही पुन्हा नीट पाहिले. एक बाई आइस्क्रीम चाटते आहे, एक जण पावाचा घास घेतो आहे आणि तिसरा सुरई उंच धरून वरून तोंडात पाण्याची धार सोडतो आहे. आमच्याकडे तांब्याला तोंड न लावता पाणी पितात अगदी तसेच. त्यामुळे ते चित्र मुलांना फार जवळचे वाटले. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र गणेशदुर्ग यांच्या बाजूने आहे. तिने शेजारी स्वतःचे एक चित्र लावायचे ठरवले आहे: टँकरभोवती लागलेली घागरींची रांग. त्या चित्रावर मापाची खूण कशी दाखवावी?

प्रीतिसंगम, कराड

तिला २१ सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी कापायला सांगा. रांगेतल्या एका घागरीची खरी उंची त्या पट्टीने मोजावी. दोन पट्ट्या भरल्या, तर चित्रातील घागरीशेजारी एक उभी आणि एक आडवी रेघ काढावी. त्या पाटीवर उभी रेघ म्हणजे एक आणि आडवी म्हणजे शून्य, म्हणून ही खूण २ अशी वाचली जाईल. तशाच आठ पट्ट्या भिंतीवर एकावर एक चिकटवल्या, तर पायोनियरवरील स्त्रीची उंची तयार होईल आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिच्याशेजारी उभे राहून आपली उंची ताडून पाहता येईल.