मदत हवी आहे: सीआरएममध्ये सेल्स टीमची टार्गेट्स नेमकी कशावर लावायची?

करमळी हॉल्ट (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. हॉटेलांच्या किचनचा माल विकणाऱ्या एका फर्ममध्ये मी बॅक ऑफिस सांभाळते. बर्नर रेंज, डीप फ्रीजर, डिशवॉशर, एक्झॉस्ट हूड आणि विकल्यावर त्यांची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार). गोव्यात फिल्डवर पाच जण आहेत. बार्देश-पेडण्यात दोघे, तिसवाडीत एक, सासष्टी ते काणकोण एक आणि फोंडा-डिचोलीला एक. एप्रिलपासून एक्सेल सोडून सीआरएमवर (गिऱ्हाइकं आणि डील यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आलो. कुठलं ते लिहीत नाही, कारण नाव घेतलं की धाग्याचं 'ते टाका, हे घ्या' होतं.

पात्रांवांनी (आमच्या मालकांनी) वर्षाचा आकडा दिला ४ कोटी ८० लाख. त्याला आधी बाराने भागलं, मग पाचाने. माणशी महिना ८ लाख. सीआरएममध्ये टार्गेटच्या म्हणजे 'गोल्स'च्या पानावर तेच भरलंय. जून-जुलैत पाचही जण लाल. पोरांनी ॲप उघडणंच सोडलं. सप्टेंबरात टीमची बेरीज एकदम हिरवी, ४४ लाख, म्हणजे ११० टक्के. पात्रांव खूश. तेवढ्यात अकाउंटवाल्या बाईंनी टॅलीतून (आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) सप्टेंबरची विक्री काढली, ती २४ लाख. मीटिंगमध्ये दोन कागद समोरासमोर आणि दोन्हीकडून प्रश्न मला.

नमुन्यादाखल एकच डील सांगते. मोरजीचं एक हॉटेल, कोटेशन ११ लाख ८० हजारांचं, जूनमध्ये दिलेलं. साइटवर चकरा मारल्या पेडण्याच्या मुलाने. पण हॉटेलचा परचेस मॅनेजर बसतो पणजीत, तिथे शेवटचा भाव ठरवला तिसवाडीवाल्याने. ३० सप्टेंबरला संध्याकाळी डील 'वन' (जिंकली) केली. ॲडव्हान्स ४० टक्के आला. किचनची फरशी अजून व्हायची आहे, त्यामुळे माल आमच्याच गोदामात आणि बिल अर्थातच फाटलेलं नाही. ही विक्री कोणाची, कुठल्या महिन्याची आणि किती रुपयांची?

आणखी एक किरकोळ. सकाळी डील बंद केली तरी टार्गेटच्या पट्टीत ती दुसऱ्या दिवशी दिसते. हे सगळीकडे असंच असतं का?

टॅलीवाला मामा:

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीतले तीन प्रश्न हाच सगळा धागा आहे. टार्गेट किती ते नंतर बघू. आकडा नेमकं काय मोजतो ते आधी कागदावर लिहून पात्रांवांची सही घ्या.

ऑर्डर, बिल आणि वसुली या तीन वेगळ्या गोष्टी. तुमच्या मोरजीच्या डीलमध्ये ऑर्डर सप्टेंबरची, बिल होईल तेव्हाचं, आणि वसुली आजच्या घडीला ४ लाख ७२ हजार. सीआरएम ऑर्डर मोजतंय, टॅली बिल मोजतंय. दोन्ही बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आता एक शंका. ११ लाख ८० हजार हा आकडा मला १० लाख अधिक १८ टक्के जीएसटी असा दिसतो. पोरं कोटेशनची खालची बेरीज उचलून अमाउंटमध्ये टाकतायत का? सगळे तसंच करत असतील तर ११० ला १.१८ ने भागा, ९३ येतात. म्हणजे सप्टेंबरात तुमचं टार्गेट झालेलंच नाही. कर सरकारचा, त्यावर इन्सेंटिव्ह कसला देताय?

करमळी हॉल्ट:

मामा, आत्ता तपासलं. तिघे जीएसटीसकट टाकतात, दोघे सोडून. आणि ज्यांचं टार्गेट हुकलं असं आम्ही समजत होतो ते नेमके हेच दोघे!

टॅलीवाला मामा:

हा हा. त्या दोघांना आधी चहा पाजा. मग अमाउंटच्या खान्याचं नाव बदलून 'जीएसटीशिवाय रक्कम' करा आणि जुन्या नोंदी एकदा दुरुस्त करून घ्या. काही सॉफ्टवेअरांत ही भानगडच नसते. ओडूमध्ये सेल्स टीमच्या पानावर जे इन्व्हॉइसिंग टार्गेट असतं, त्यात चालू महिन्याच्या बिलांची करापूर्वीची रक्कमच धरतात.

वेर्णा बायपास:

मी सीआरएम बसवून देण्याच्याच धंद्यात आहे, तेव्हा यंत्रणेबद्दल लिहितो.

पट्टी उशिरा हलते तो बिघाड असेलच असं नाही. बऱ्याच सीआरएममध्ये टार्गेटची बेरीज ठराविक वेळाने होते. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये मूळ सेटिंग दर २४ तासांनी एकदा असं आहे. घाई असेल तर त्या गोलवर जाऊन 'रिकॅल्क्युलेट' दाबायचं. तुमच्याकडेही असं बटण किंवा वेळेचं सेटिंग आहे का ते बघा. मीटिंग सकाळी १० ला असेल तर बेरीज पहाटे होऊ दे, विषय संपला.

महिना कुठला धरायचा याचं उत्तर तारखेच्या खान्यात असतं. डीलवर सहसा दोन तारखा असतात, अंदाजे बंद होण्याची आणि प्रत्यक्ष बंद झाल्याची. अंदाजाच्या तारखेवर गोल लावलं असेल तर सेल्समन ती तारीख सरकवून विक्री हव्या त्या महिन्यात नेतो. ऑगस्टचं टार्गेट झालं की उरलेली डील १ सप्टेंबरला ढकलायची, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूही येत नाही. प्रत्यक्षची तारीख लावा आणि ती फक्त तुम्हालाच बदलता येईल असं करा.

टीमचं टार्गेट आणि त्याखाली माणसांची टार्गेट्स अशी उतरंड असेल तर वरच्या गोलने फक्त खालच्यांची बेरीज घ्यावी. डायनॅमिक्समध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे. तो बंद असला तर वरचं गोल ज्याच्या नावावर आहे त्याच्या स्वतःच्या डीलही त्यात येतात. तुमचे पात्रांव स्वतः काही हॉटेलं सांभाळत असतील तर पाच जणांची बेरीज आणि टीमचा आकडा कधी जुळणार नाही.

आणि आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च लावलंय ना? जानेवारीपासून राहिलं असेल तर 'दुसरी तिमाही' म्हटल्यावर सॉफ्टवेअर एप्रिल ते जून दाखवेल आणि तुम्ही जुलै ते सप्टेंबर समजून बसाल.

दुपारी बंद, चारला उघडतो:

मडगावहून. मी हॉटेलांना क्रॉकरी देतो, गिऱ्हाईक तुमचंच.

बाराने भागणं गोव्यात चालत नाही हो. जूनमध्ये नवीन डिशवॉशर कोण घेणार? किनाऱ्यावरचे शॅकवाले तर मे संपायच्या आत सगळं आवरतात आणि परत उभारणी झाल्याशिवाय फ्रीजरचं नावही काढत नाहीत. हॉटेलवाला पावसात रंगकाम, फरशी, प्लंबिंग काढतो आणि किचनच्या मालासाठी ऑगस्टनंतर धावाधाव करतो, कारण ऑक्टोबरात पाहुणे यायला लागतात.

टॅलीतून मागच्या तीन वर्षांची महिनावार विक्री काढा. प्रत्येक महिना वर्षाच्या किती टक्के आहे ते बघा आणि त्याची सरासरी घ्या. समजा जून ३ टक्के आला, तर ४ कोटी ८० लाखांत जूनचं टार्गेट १४ लाख ४० हजार. ४० लाख नव्हे. सप्टेंबर १५ टक्के आला तर ७२ लाख. मग तुमचे ते हिरवे ४४ लाख किती हिरवे ते बघा.

मात्र एकच आलेख पाचही जणांना लावू नका. फोंड्याच्या तुमच्या माणसाचं गिऱ्हाईक कोण? कुंडई, मडकई, बेतोड्याच्या कारखान्यांची कँटीनं. त्यांना पर्यटनाच्या सीझनशी काय देणंघेणं? त्यांची खरेदी बजेटवर चालते, मार्च अखेरीला गर्दी. तसंच आमच्या सासष्टीत किनाऱ्याची हॉटेलं वेगळी आणि वेर्ण्याची इंडस्ट्रियल इस्टेट वेगळी. दोन आलेख करा, हॉटेलचा आणि कँटीनचा. ज्याच्याकडे जसं गिऱ्हाईक तसं मिश्रण.

चवथ (गणेश चतुर्थी) विसरू नका. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. चवथीच्या आठवड्यात ना तुमचा माणूस जागेवर, ना त्यांचा परचेसवाला. 'मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी तुलना' असा रिपोर्ट पात्रांवांना दाखवायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर एकत्र करूनच दाखवा.

म्हापशाचा फिरस्ता:

फिल्डवरच्या माणसाची बाजूही ऐका. मी वेगळ्या लायनीत आहे, पण बार्देशच फिरतो.

मोरजीची डील आज कोणाच्या नावावर आहे? पणजीवाल्याच्या असणार. शेवटी ज्याने हात लावला तो मालक. पेडण्याच्या मुलाने भर पावसात साइटवर जाऊन हूडची मापं घेतली, गॅसची लाइन कुठून येणार ते बघितलं, त्याच्या खात्यात शून्य. पुढच्या वेळी तो पणजीवाल्याला फोन नंबरसुद्धा देणार नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून पेडण्यात कामं वाढलीयत, आणि साइट तिथे नि निर्णय पणजीत किंवा मुंबईत हे नेहमीचंच झालंय. नियम आताच करा.

वेर्णा बायपास:

यांना अनुमोदन. सेल्सफोर्स या सीआरएममध्ये यासाठी स्प्लिट, म्हणजे एका डीलच्या वाटण्या, असतात. महसुलाच्या वाटण्यांची बेरीज १०० टक्केच व्हावी लागते, त्यामुळे एक डील दोनदा मोजली जात नाही. तुमच्याकडे ती सोय नसेल तर डीलवर 'दुसरा वाटेकरी' आणि 'त्याचे टक्के' असे दोन खाने वाढवा आणि टार्गेटचा रिपोर्ट त्यावरून काढा. एकाच ऑर्डरच्या दोन डील मात्र करू नका, पाइपलाइन (चालू डीलची एकूण बेरीज) फुगते.

टक्के डील सुरू होताना ठरवा. जिंकल्यावर वाटायला बसलं की देवळाच्या मानापानासारखं होतं, कोणीच माघार घेत नाही.

याला जोडूनच: कोणी नोकरी सोडून गेला तर त्याच्या फक्त चालू डील दुसऱ्याच्या नावावर करा. जिंकलेल्या जुन्याच नावावर राहू देत, नाहीतर मागच्या महिन्यांचे आकडे गुपचूप बदलतात.

दुपारी बंद, चारला उघडतो:

मंदीच्या महिन्यांत रुपयांचं टार्गेट नावापुरतं ठेवून कामाचं टार्गेट द्या असं मी म्हणेन. जून-जुलैत इतक्या साइट भेटी, इतकी कोटेशनं. पाइपड्राइव्ह या सीआरएममध्ये ॲक्टिव्हिटीचं वेगळं गोल लावता येतं, इतरांतही असणार.

म्हापशाचा फिरस्ता:

दादा, भेटींचं टार्गेट दिलं की भेटी होतात, कागदावर. मी स्वतः पार्किंगमध्ये गाडीत बसून पाच 'कॉल' टाकलेले लोक बघितलेत. आणि गोव्यात खरं काम कॉलच्या खान्यात बसतच नाही. शेफ शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भेटतो, तिथेच कळतं की कॉम्प्रेसर गेलाय. याची नोंद 'मीटिंग' म्हणून करू की 'चोरिस (गोव्याचे सॉसेज) घेतले' म्हणून?

दुपारी बंद, चारला उघडतो:

पटलं. मग ज्याचा पुरावा राहतो तेच मोजा. साइटची मापं घेतलेला नकाशा अपलोड झाला तर भेट धरायची. कोटेशन गेलं तर कोटेशन धरायचं. नुसते फोन मोजू नका.

वेर्णा बायपास:

हे जमेल. डील 'मापं घेतली' या टप्प्यावर गेली की मोजायची, आणि फाइल जोडल्याशिवाय टप्पा पुढे सरकू द्यायचा नाही. किती हव्यात त्याचा हिशेब उलटा करा. तुमच्या कोटेशनांपैकी रकमेने चौथा हिस्सा जिंकला जात असेल, तर ७२ लाखांच्या सप्टेंबरसाठी ऑगस्ट अखेर २ कोटी ८८ लाखांची कोटेशनं बाजारात हवीत. जूनचं टार्गेट यातून निघतं.

करमळी हॉल्ट:

सगळ्यांचे आभार. आज पात्रांवांशी बसले. ठरलं ते असं: पोरांचं टार्गेट ऑर्डरवर, जीएसटीशिवाय, आणि ऑर्डर म्हणजे ॲडव्हान्स बँकेत जमा झाला ती तारीख. पात्रांव स्वतःसाठी बिलांचा आकडा टॅलीतूनच बघणार, दोन्ही एका कागदावर, मधे 'ऑर्डर आहे, बिल बाकी' असा रकाना. मोरजी त्या रकान्यात पहिली बसली. वाटणी पेडण्याला ६०, तिसवाडीला ४०. तिसवाडीवाला थोडा कुरकुरला, पण बांबोळीच्या एका कामात उलटं प्रमाण मिळतंय म्हटल्यावर गप्प. आलेख दोन करतेय. पात्रांवांच्या नावावर तीन हॉटेलं निघाली, त्यामुळे बेरीज का जुळत नव्हती तेही कळलं.

एकच राहिलं, एएमसी. रिन्यूअल पण याच टार्गेटमध्ये धरू का? सासष्टीवाला म्हणतो धरा, त्याच्याकडे जुनी गिऱ्हाइकं जास्त.

टॅलीवाला मामा:

नको. त्याला नवीन मशीन विकायची गरजच उरणार नाही. एएमसीचं गोल वेगळं ठेवा, रुपयांत नाही तर संख्येत: या महिन्यात मुदत संपणाऱ्या किती आणि त्यांतल्या रिन्यू झाल्या किती. त्यासाठी प्रत्येक मशीनची मुदत संपण्याची तारीख सीआरएममध्ये हवी. आहे का?

करमळी हॉल्ट:

सर्व्हिसवाल्यांच्या डायरीत आहे. उद्यापासून तीच भरायला बसते.