एलएलबीच्या पाठोपाठ एलएलएम नको, आधी कोर्टात उभं राहा – पटतंय का?

काळा कोट, बार्शी
माझी भाची तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात सध्या एकच विषय: एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, कुठे करायची. दाजींनी क्लासची चौकशीसुद्धा करून ठेवली. माझं मत घरात कुणाला पटलं नाही, म्हणून इथे मांडतो.

ज्याला वकिली करायची आहे किंवा न्यायाधीश व्हायचं आहे, त्याने एलएलबी झाल्या झाल्या एलएलएमला जाऊ नये. वकिलीची सनद घ्यावी, तीन वर्षं एखाद्या चांगल्या सिनियरकडे काढावीत आणि मग गरज वाटली तर एलएलएम करावं.

वकिलीला एलएलएम लागत नाही. एलएलबीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची, एवढं पुरतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. त्याआधी आपल्याकडे चांगले गुण असलेल्या नव्या पदवीधरांना थेट बसता यायचं. ही तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात. म्हणजे सनद जितकी लांबेल तितकी परीक्षा लांबेल. एलएलएमचं मात्र तसं नाही. क्लॅटच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा) पदव्युत्तर परीक्षेला वयाची अट नाही, एलएलबीला ५० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ४५) असले की झालं. ते दार पाच वर्षांनीही उघडं असेल.

मी स्वतः उलटं केलं. एलएलबीनंतर सरळ दोन वर्षांचं एलएलएम, विषय घटनात्मक कायदा. मूलभूत संरचनेवर प्रबंध लिहिला, आणि कोर्टातल्या पहिल्या आठवड्यात तीन ओळींचा मुदतीचा अर्ज कसा लिहायचा ते सिनियरांच्या कारकुनाला विचारावं लागलं. वाचलेलं वाया गेलं असं म्हणत नाही. पण तीन वर्षं कोर्टात काढून मग तो विषय वाचला असता तर दुप्पट कळला असता, असं आजही वाटतं.

तासिका
सर, न्यायाधीशपदाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. बाकीचं नाही. मी एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, तिथून दिसतं ते लिहिते.

एलएलबीला बसलेल्या प्रत्येकाला कोर्टातच जायचं असतं, हे तुम्ही गृहीत धरलंत. ज्याला शिकवायचं आहे त्याला एलएलएमशिवाय वाटच नाही. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, वर नेट किंवा सेट या पात्रता परीक्षांपैकी एक. (राखीव प्रवर्गांना पाच टक्के सूट आहे.) इथेच मुलं फसतात. प्रवेशाला ५० पुरतात म्हणून कुठेही नाव घालतात, ५२ टक्क्यांनी एलएलएम होतात आणि सेटच्या अर्जाशी येऊन अडकतात. आत जायची अट सगळे विचारतात, बाहेर पडताना किती गुण हातात हवेत ते कुणी विचारत नाही. जुन्या विद्यापीठांत कायद्याचे पेपर किती कडक तपासले जातात ते तुम्हाला माहीत आहेच.

त्यात जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, वयाची अट आहे, सर्वसाधारण प्रवर्गाला ३० वर्षं (मुलींना पाच वर्षं सूट). महिन्याला ३७ हजारांची ती फेलोशिप म्हणजे आमच्यासारख्या घरांतल्या मुलीला पीएचडी परवडण्याचा एकमेव मार्ग. तीन वर्षं कोर्ट, मग एलएलएम, मग नेट, असा हिशेब केला तर काय उरतं?

आणि भाचीचा मामा म्हणून एक विचार करा. "तीन वर्षांनी करू" हे वाक्य मुलाच्या बाबतीत पुढे ढकलणं असतं, मुलीच्या बाबतीत ते बहुतेकदा नाही म्हणणं असतं. माझ्या वर्गातल्या चौघी सनद घेऊन बसल्या. चौघींचीही लग्नं झाली. त्यांतली एकही नंतर एलएलएमला आली नाही. घर शिकायला पाठवायला तयार आहे ते आत्ता. ती तयारी टिकेल याची हमी तुम्ही देऊ शकता का?

वर्धा रोड
मी नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून एकवर्षीय एलएलएम केलं. काळा कोट यांचा सगळा युक्तिवाद दोन वर्षं जातील या भीतीवर उभा आहे, पण २०१३ पासून एक वर्षाचा पर्याय आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, तिन्हीकडे क्लॅटमधून प्रवेश मिळतो. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. परीक्षा डिसेंबरात होते आणि शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात, त्यामुळे एलएलबीचा निकाल लागतो तोवर जागा हातात असते. एका वर्षाने न्यायाधीशपद पळून जात नाही.

शिवाय ओएनजीसी, एनटीपीसी, पॉवरग्रिड यांनी याच गुणांवर विधी अधिकारी घेतलेले आहेत. एका परीक्षेत दोन दारं. माझ्या बॅचच्या एकाने जागा सोडली आणि नोकरी घेतली.

जुनं ग्रंथालय
वर्धा रोड, एक वर्षाचं कौतुक ऐकून राहवलं नाही. त्या वर्षात काय काय बसवलंय ते बघा. संशोधनपद्धती, तुलनात्मक सार्वजनिक कायदा आणि जागतिकीकरणातला कायदा व न्याय हे तीन सक्तीचे पेपर, त्यावर सहा ऐच्छिक आणि प्रबंध. जून-जुलैत प्रवेश, पुढच्या मे महिन्यात सगळं संपलेलं. प्रबंधाचा विषय मंजूर होतो तेव्हा निम्मं वर्ष गेलेलं असतं. अशा घाईत मुलं निकालपत्रांचे उतारे जोडतात आणि त्याला संशोधन म्हणतात.

आमच्या वेळच्या दोन वर्षांच्या एलएलएमला प्रात्यक्षिक होतं. एलएलबीच्या वर्गावर उभं राहून शिकवून दाखवावं लागायचं, त्याला गुण असायचे. ग्रंथालयातलं संशोधन वेगळं, गावात जाऊन माहिती गोळा करायचं संशोधन वेगळं. मी एका तालुक्यातल्या पोटगीच्या दाव्यांवर काम केलं. त्या बायकांशी बोलायलाच चार महिने लागले. एका वर्षात ते झालंच नसतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियालाही एक वर्ष पुरेसं वाटलेलं नाही. जानेवारी २०२१ च्या राजपत्रातल्या नियमांत एकवर्षीय एलएलएम बंद करायचंच ठरलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, कौन्सिलने त्या वर्षी अंमलबजावणी थांबवली आणि अभ्यासक्रम आजही चालू आहेत. पण ज्याच्या डोक्यावर असं सावट आहे, त्यावर शिक्षकी पेशा बांधायचा का, हा विचार मुलांनी करायला हवा.

वर्धा रोड
सावट आहे म्हणून थांबलो असतो तर आज सेट पास झालो नसतो. नियम बदलले तरी ज्यांनी मान्य असताना पदवी घेतली त्यांची पदवी जात नाही. आणि दोन वर्षं म्हणजे खोली भाडं, मेसचे पैसे आणि घरी न जाणारा पगार. ते गणित तुमच्या वेळी वेगळं होतं. माझ्या वडिलांनी एका वर्षासाठी हो म्हटलं होतं, दोनसाठी म्हटलं नसतं.

पोटगीच्या कामाबद्दल मात्र मनापासून आदर. तसं काम आमच्याकडे झालं नाही, हे खरं आहे.

थेम्सकाठ
परदेशाचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. मी पुण्यातून एलएलबी करून इंग्लंडमध्ये एलएलएम केलं. एक वर्ष, लेखी प्रवेशपरीक्षा नाही. एलएलबीला पहिला वर्ग, दोन शिफारसपत्रं, का शिकायचंय त्याचं निवेदन आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी सात किंवा वर.

इथे येणाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं की हे एलएलएम केलं की इथे वकील होता येतं. तसं नाही. सॉलिसिटर व्हायची परीक्षा वेगळी आहे आणि भारतात सनद असलेल्या माणसाला ती एलएलएमशिवायही देता येते. त्यामुळे नुसती वकिली हवी असेल तर या पदवीवर घर गहाण टाकू नका. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे तिथे काळा कोट यांचा क्रमच उपयोगी पडतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ७५ जागा, पदव्युत्तरसाठी वय ३५ पर्यंत. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना ती माहीतही नसते, याचं फार वाईट वाटतं.

परत येऊन शिकवायचं असेल तर मात्र नीट चौकशी करा. त्याच २०२१ च्या नियमांत परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम आपल्या एलएलएमच्या बरोबरीचं मानलेलं नाही.

रात्रपाळी, लातूर
मी बँकेत आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार ऑनलाइन 'एक्झिक्युटिव्ह' एलएलएम असं सांगून एका संस्थेने माझ्याकडून पैसे घेतले. तेव्हा मान्यता आहे का हे मी विचारलं नाही, कारण नावात एलएलएम होतं. २०२५ मध्ये बार कौन्सिलने जाहीर इशारा दिला की मंजुरी नसलेले दूरस्थ, ऑनलाइन आणि असल्या नावांचे एलएलएम ग्राह्य धरले जाणार नाहीत. माझे दीड वर्षाचे रविवार गेले. नोकरी करणाऱ्याने डिप्लोमा करावा आणि त्याला डिप्लोमाच म्हणावं. एलएलएम म्हणून विकलं जातंय तिथे कौन्सिलचं मंजुरीपत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

खटपट
काळा कोट साहेब, सनद घेऊन ठेवायची आणि एलएलएमही करायचं, दोन्ही एकदम का नाही? एका वर्षात दोन्ही पदरात.

काळा कोट, बार्शी
खटपट, हे मी मनापासून सांगतो, असं करू नका. न्यायाधीशाच्या परीक्षेला अनुभवाचा दाखला लागतो. तो किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने द्यायचा, वर न्यायालयातल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. माझ्याकडे असा दाखला मागायला मुलं येतात. जो मुलगा वर्षभर दुसऱ्या शहरात वर्गात बसला होता, तो माझ्यासोबत कोर्टात होता असं मी लिहून देणार नाही.

तासिका मॅडम, तुमच्या चौघींचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. कोर्टात जाणाऱ्यांसाठी माझं मत तेच आहे. पण भाचीला काय व्हायचंय हे मी विचारलंच नव्हतं, दाजींनीही नाही. काल फोन केला. म्हणाली, मामा, मला फौजदारी चालवायचीय, पण पुण्यात, आणि बाबांना सांगितलं तर ते एलएलएमला पुण्यात पाठवतील, वकिलीला पाठवणार नाहीत.

यावर काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

तासिका
मग क्लॅटचा अर्ज भरायला लावा, पुणे विद्यापीठाच्या कायदा विभागाच्या प्रवेशाकडेही लक्ष ठेवा, आणि पुण्यातल्या तुमच्या ओळखीच्या फौजदारी वकिलाला आजच फोन करा. दाजींशी मात्र तुम्हीच बोलायचं, तिला बोलायला लावू नका.