गव्हाचं बियाणं एकरी ६० किलो टाकलं तर उत्पन्न खरंच वाढतं का?

भांडुपकर_निफाड:
नमस्कार मंडळी, मी भांडुपला असतो, शेती निफाडला, काका बघतात. लाल कांदा निघाला की नोव्हेंबरच्या शेवटाला गहू करतो, विहिरीचं पाणी आहे. काका हाताने फेकून एकरी ६० किलो टाकतात, म्हणतात दाट असला की रान भरतं आणि चार पोती जास्त होतात. चुलतभाऊ म्हणतो पाभरीने (बी ओळीत पेरायचं अवजार) ओळीत पेरा, ४० किलो पुरे. सुट्टी काढून पेरणीला जाणारे, तर नक्की काय सांगू?

रब्बीवाला:
दादा, किलो नका मोजू, दाणे मोजा. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर हेक्टरी १०० किलोत (म्हणजे एकरी ४०) २५ लाख दाणे जातात, म्हणजे चौरस मीटरला २५०, आणि ओळी २० सेंमीवर असतील तर एका मीटर ओळीत ५० दाणे, दर २ सेंमीला एक. वेळेवरच्या पेरणीला एवढं भरपूर, कारण गहू फुटवे (बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्या) काढून मोकळी जागा स्वतः भरतो. त्याहून दाट केलं की फुटवे कमी, ओंबी आखूड, दाणा बारीक, आणि काडी उंच नि नाजूक होऊन वाऱ्या-पाण्यात लोळतो. रान भरलेलं दिसतं पण पोत्यात येत नाही. दाणा टपोरा असेल, हजार दाणे ५० ग्रॅमचे, तर त्याच १०० किलोत २० लाखच दाणे बसतात, तेव्हा बियाणं थोडं वाढवावंच लागतं.

सिन्नरची_लेक:
वरचं पटलं, पण त्यांची पेरणी उशिराची आहे हो! १५ नोव्हेंबरनंतर थंडीचे दिवस कमी मिळतात, फुटव्यांना वेळ नाही, मग मुख्य काड्याच जास्त लागतात. म्हणून उशिराला हेक्टरी १२५ किलो आणि १८ सेंमी अंतर सांगतात, म्हणजे एकरी ५०. काका अगदीच चुकीचे नाहीत, फक्त फेकण्याऐवजी दोन चाडी (बी-खताची दोन नरसाळी असलेली) पाभर घ्या, खत आणि बी एकदम पडतं, ५-६ सेंमी खोल. फेकलेलं काही वर राहतं, पाखरं खातात, काही खोल जाऊन उगवतच नाही, म्हणून तर १० किलो जादा टाकावं लागतं. आणि एकेरीच पेरा, उभी-आडवी नको, खुरपणीला ओळ मोकळी राहते.

भांडुपकर_निफाड:
ताई, खूप आभार, ५० किलो म्हटलं तर काकांचा मान राहतो आणि भावाची पाभरही येते. बिहारात २० बाय २० सेंमीवर एकेक दाणा हाताने टोकून करतात असं ऐकलंय, ते करून बघू का?

रब्बीवाला:
एखाद्या गुंठ्यावर करा, बी खूप कमी लागतं, फुटवे सुंदर येतात. पण टोकणीला आणि खुरपणीला माणसं लागतात, आणि उशिराच्या गव्हाला फुटव्यांच्या भरवशावर सोडणं मला धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा १८ ते २१ दिवसांचं पाणी चुकवू नका, मुकुटमुळं (बुंध्यातून निघणारी कायमची मुळं) तेव्हाच फुटतात.