एवढी वर्षं कशासाठी लागतात

कोणीतरी विचारलंय, 'फादर व्हायला इतकी वर्षं कशाला? बायबल वाचलं की झालं ना?' मी सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेत, 4 वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

कॅथलिक चर्चच्या कायद्यातच किमान 6 वर्षांचा अभ्यास सांगितलाय: 2 वर्षांचं तत्त्वज्ञान, 4 वर्षांचं ईशज्ञान (थिऑलॉजी). साधारणपणे वयाच्या 25 वर्षांआधी गुरुदीक्षा (फादर होण्याचा विधी) नाही, आणि त्याआधी निदान 6 महिने डीकन, म्हणजे फादरच्या आधीच्या पायरीवर, म्हणून राहायचं. डायोसीजच्या (बिशपच्या धर्मप्रांताच्या) मुलांना ब्रह्मचर्याचा शब्द द्यावा लागतो तो या डीकनपदाच्या वेळी, गुरुदीक्षेच्या नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पण खरं सांगू का, अभ्यास जमून जातो. जड जाते ती रात्रीच्या प्रार्थनेनंतरची शांतता. दिवे मालवलेले, बोलायचं नाही, आणि डोळ्यांसमोर घरची माणसं. एकदा नाश्त्याला माझ्या समोरची खुर्ची रिकामी दिसली. मित्र पहाटेच बॅग भरून घरी गेला होता. कोणी त्याला पळपुटा म्हटलं नाही, म्हणायलाही नको. शब्द देण्याआधी 'हे माझं नाही' असं सांगायला मोठं धैर्य लागतं. त्या दिवशी चॅपलमध्ये आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली.